प्रबोधनकालीन वास्तुकला

इटलीतील फ्लॉरेन्स या नगरात पंधराव्या शतकाच्या आरंभी उदयास आलेली आणि सतराव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत यूरोपच्या बहुतेक भागांत प्रसृत झालेली वास्तुशैली. प्राचीन रोमन वास्तुकलेतील स्तंभप्रकार, अर्धवर्तुळाकार कमान व घुमट यांचा पुनर्वापर, साध्या भूमितीवर आधारलेले वास्तुकल्प, अंकगणिती प्रमाणबद्धता आणि समतोल ही या शैलीची प्रमुख लक्षणे होत. तिच्या पूर्वीची गॉथिक आणि तिच्यानंतरची बरोक या दोन शैलींमधील सुमारे दोनशे वर्षांचा कालखंड तिने व्यापला आहे. ‘पुनर्जन्म’ या अर्थाची इटालियन संज्ञा ज्योर्जो व्हाझारी याने कलावंतांच्या चरित्रांवरील आपल्या ग्रंथात (१५५०) वापरली. एका संपूर्ण युगाचे नाव म्हणून ती रूढ झाली ती मात्र एकोणिसाव्या शतकात, झ्यूल मीशले (१८५५) व याकोप बुर्कहार्ट (१८६०) या इतिहासकारांच्या लेखनामुळे.

पार्श्वभूमी : गॉथिक वास्तुकला फ्रान्समध्ये जन्मली आणि उत्तर यूरोपात बहरली. इटलीत तिचा शिरकाव झाला, तरी तिने तेथे खोलवर मूळ धरले नाही. १३८६ मध्ये बांधण्यास आरंभ झालेले मिलानचे कॅथीड्रल हा ठळक अपवाद म्हणावा लागेल. इटालियन कारागिरांच्या डोळ्यांसमोर रोमन वास्तूंचे अवशेष सदैव होते. पॅन्थिऑन मंदिराचा सु. ४३ मी. व्यासाचा घुमट दुसऱ्या शतकापासून अभंग उभा होता, तर कॉलॉसिअम, सार्वजनिक स्नानगृहे व विजयकमानी भग्नावस्थेत का होईना, परंतु मोजमापे घेता येतील इतपत शाबूत होत्या. खुद्द फ्लॉरेन्समध्ये अकराव्या-बाराव्या शतकांत पूर्णत्वास गेलेले बाप्तिस्मागृह आणि सान मिन्यातो चर्च या वास्तूंत अर्धवर्तुळाकार कमानी व रंगीत संगमरवराचे भौमितिक आकृतिबंध दिसतात. पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्सवासीयांची अशी समजूत होती, की बाप्तिस्मागृह हे मूळचे रोमन मंदिरच होय. त्यामुळे पहिल्या पिढीच्या वास्तुकारांनी ‘प्राचीन’ म्हणून जे आदर्श स्वीकारले, त्यांतील काही वस्तुतः तीन-चार शतकांपूर्वीचे मध्ययुगीन होते.

या शैलीच्या उदयाची कारणे केवळ कलाविषयक नव्हती. लोकरीचे व रेशमाचे कापड आणि सावकारी यांमुळे फ्लॉरेन्स संपन्न झाले होते. नगराचा कारभार व्यापारी व कारागीर यांच्या श्रेणींच्या हाती होता, आणि चर्च, रुग्णालये, अनाथालये यांच्या बांधकामाची जबाबदारीही या श्रेणींनी वाटून घेतली होती. मेदीचीसारख्या धनिक घराण्यांना आपली प्रतिष्ठा दगडात कोरून ठेवावयाची होती. याच काळात मानवतावादी विद्वान प्राचीन लॅटिन हस्तलिखितांचा शोध घेत होते. व्हिट्रूव्हिअस या रोमन वास्तुकाराच्या दहा खंडांच्या ग्रंथाचे एक हस्तलिखित पोज्जो ब्रात्चोलीनी या विद्वानाने १४१६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील सेंट गाल येथील मठात पाहिले आणि या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष नव्याने वेधले गेले. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव झाल्यानंतर ग्रीक पंडित इटलीत आले व त्यातून प्रबोधन घडले, अशी एक समजूत पुष्कळ काळ प्रचलित होती. वास्तुकलेपुरते पाहिल्यास ती टिकत नाही. फ्लॉरेन्सचा घुमट व तेथील अनाथालय ही दोन्ही बांधकामे त्या घटनेपूर्वी तीस वर्षांहून अधिक काळ आधी सुरू झाली होती.

फ्लॉरेन्सचा घुमट : या शैलीचा प्रवर्तक मानला जाणारा फीलीप्पो ब्रूनेल्लेस्की (१३७७–१४४६) हा शिक्षणाने सोनार होता. १४०१ मध्ये बाप्तिस्मागृहाच्या कांस्य दरवाजांसाठी झालेल्या स्पर्धेत लोरेंत्सो गीबेर्ती विजयी ठरला. त्यानंतर ब्रूनेल्लेस्कीने रोमला जाऊन तेथील अवशेषांचा अभ्यास केला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. फ्लॉरेन्सच्या सांता मारीआ देल फ्योरे या कॅथीड्रलची पायाभरणी १२९६ मध्ये झाली होती. त्याच्या अष्टकोनी मध्यभागावर घुमट बांधावयाचा हे ठरले होते व त्याचा आकारही १३६७ च्या प्रतिकृतीने निश्चित केला होता. तथापि सुमारे ४२ मी. पेक्षा अधिक रुंदीची ही पोकळी जमिनीपासून पन्नास मीटरांहून अधिक उंचीवर कशी आच्छादावी, हे कोणालाच उमगले नव्हते. नेहमीच्या पद्धतीनुसार खालून लाकडी साचा उभारून त्यावर घुमट रचावयाचा, तर त्यासाठी लागणारे प्रचंड लाकूड मिळवणे व तो साचा तोलून धरणे या दोन्ही गोष्टी जवळजवळ अशक्य होत्या. उत्तरेकडील गॉथिक चर्चप्रमाणे बाहेरून टेकू देणाऱ्या कमानी उभारणे फ्लॉरेन्सकरांना मान्य नव्हते.

१४१८ मध्ये जाहीर झालेल्या स्पर्धेत ब्रूनेल्लेस्कीने साच्याविना घुमट बांधण्याची योजना मांडली. १४२० मध्ये काम सुरू झाले व १४३६ मध्ये घुमट पूर्ण झाला. या योजनेची मुख्य अंगे पुढीलप्रमाणे : एकात एक अशी घुमटाची दोन कवचे असून त्यांमध्ये पोकळी ठेवली आहे. त्यामुळे वजन घटते आणि कारागिरांना ये-जा करता येते. आठ कोपऱ्यांवरील आठ मोठ्या व त्यांच्यामधील सोळा लहान अशा चोवीस फासळ्या ही कवचे जोडतात. घुमट बाहेरच्या बाजूस फाकू नये म्हणून दगडी व लाकडी साखळ्यांची कडी त्यात बसविली आहेत. विटा माशाच्या काट्याप्रमाणे रचलेल्या आहेत. ठरावीक अंतरावर उभ्या बसविलेल्या विटा त्यांच्यामधील आडव्या विटांना चुना सुकेपर्यंत घसरू देत नसत आणि त्यामुळे पूर्ण झालेला प्रत्येक थर स्वतःचा भार स्वतःच पेलत असे. अवजड दगड वर चढविण्यासाठी ब्रूनेल्लेस्कीने बैलांच्या साहाय्याने चालणारे उच्चालक यंत्र तयार केले. त्यात बैलांची दिशा न बदलता ओझे वर चढविण्याची वा खाली उतरविण्याची सोय होती.

हा घुमट प्रबोधनाचे प्रतीक मानला जातो, परंतु त्याचा निमुळता, टोकदार आकार रोमन नसून गॉथिक परंपरेतील आहे. पॅन्थिऑनचा घुमट काँक्रीटचा व अर्धगोलाकार, तर हा विटांचा व अष्टकोनी आहे. त्यातील नवेपण रूपापेक्षा कार्यपद्धतीत आहे. एका व्यक्तीने संपूर्ण वास्तूची आधी बुद्धीने कल्पना करावी, तिच्या बांधणीची साधने शोधून काढावीत आणि शेकडो कारागिरांकडून ती तंतोतंत उतरवून घ्यावी, ही रीत येथे प्रथम स्पष्टपणे दिसते. मध्ययुगीन व्यवस्थेशी तिचा संघर्ष होणे अटळ होते. १४३४ मध्ये दगड व लाकूड कारागिरांच्या श्रेणीने वर्गणी न भरल्याच्या कारणावरून ब्रूनेल्लेस्कीला तुरुंगात टाकविले. कॅथीड्रलच्या व्यवस्थापकांनी मध्यस्थी करून त्याची सुटका केली. श्रेणीचा सभासद असलेला मुख्य गवंडी आणि स्वतंत्र प्रज्ञेचा वास्तुकार यांच्यातील फरक या प्रसंगातून दिसून येतो. मृत्यूनंतर ब्रूनेल्लेस्कीचे दफन त्याच कॅथीड्रलमध्ये करण्यात आले. कारागीर म्हणून जीवनास आरंभ करणाऱ्याला असा मान मिळणे ही असामान्य गोष्ट होती.

नव्या शैलीचे रूप प्रथम दिसले ते अनाथालयाच्या ओसरीत. रेशीम व्यापाऱ्यांच्या श्रेणीने टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बांधावयास घेतलेल्या या वास्तूचे काम ब्रूनेल्लेस्कीच्या आराखड्यानुसार १४१९ मध्ये सुरू झाले आणि १४४५ मध्ये पहिली बालके तेथे दाखल झाली. सडपातळ स्तंभांवर अर्धवर्तुळाकार कमानींची रांग, वर सलग आडवा पट्टा आणि प्रत्येक कमानीच्या रेषेत एक खिडकी, एवढीच तिची रचना आहे. स्तंभाची उंची, दोन स्तंभांमधील अंतर आणि ओसरीची खोली ही तिन्ही मापे समान ठेवल्यामुळे ओसरीचा प्रत्येक खण घनाकृती वाटतो. करड्या दगडातील घटक व पांढऱ्या गिलाव्याच्या भिंती यांच्या विरोधामुळे ही भूमिती डोळ्यांना सहज उमगते. हेच तत्त्व त्याने सान लोरेंत्सो व सांतो स्पीरीतो ही चर्च आणि पात्सी प्रार्थनागृह यांत अधिक विस्ताराने योजले.

ग्रंथ व सिद्धांत : ब्रूनेल्लेस्कीने वास्तूंद्वारे जे दाखविले, त्याची तात्त्विक मांडणी लेओने बात्तीस्ता आल्बेर्ती (१४०४–७२) याने केली. त्याचा वास्तुकलेवरील लॅटिन ग्रंथ सु. १४५२ मध्ये सिद्ध झाला व १४८५ मध्ये फ्लॉरेन्स येथे छापला गेला. वास्तुकलेवरील हा पहिला मुद्रित ग्रंथ होय. वास्तूच्या सर्व अवयवांत असा मेळ असावा, की त्यात काही वाढविल्यास, घटविल्यास वा बदलल्यास ती उणावेल, अशी सौंदर्याची कल्पना त्याने मांडली. १:२, २:३, ३:४ ही जी गुणोत्तरे संगीतातील स्वरसंवाद निर्माण करतात, तीच डोळ्यांनाही सुखद वाटतात, असे त्याचे प्रतिपादन होते. प्रमाणबद्धता ही केवळ अभिरुचीची बाब नसून विश्वरचनेच्या नियमांशी निगडित आहे, हा विश्वास त्यामागे होता. आल्बेर्तीच्या मते वास्तुकाराचे काम आराखडा करणे हे होय, तर सुतार किंवा गवंडी हा त्याच्या हातचे साधन होय. तो स्वतः आराखडे करी व प्रत्यक्ष बांधकामावरील देखरेख इतरांवर सोपवी.

व्हिट्रूव्हिअसचा ग्रंथही सु. १४८६ मध्ये रोममध्ये छापला गेला. १५११ मध्ये व्हेनिसला फ्रा जोकोंदो याने त्याची सचित्र आवृत्ती काढली आणि १५२१ मध्ये चेझारे चेझारीआनोचे इटालियन भाषांतर प्रसिद्ध झाले. पुढे सेबास्त्यानो सेर्ल्यो (१५३७ पासून), जाकोमो दा व्हिन्योला (१५६२) व आंद्रेआ पाल्लाद्यो (१५७०) यांचे ग्रंथ निघाले. त्यांत मजकुराइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व आकृत्यांना होते. इटली न पाहिलेल्या गवंड्यालाही या आकृत्यांवरून स्तंभ घडविता येई. गॉथिक शैलीचे ज्ञान गुरूकडून शिष्याकडे कार्यशाळेत जात असे. प्रबोधनकालीन शैली ही मुद्रित ग्रंथांमधून प्रसार पावलेली पहिली वास्तुशैली होय.

यथादर्शनाच्या गणिती नियमांची प्रात्यक्षिके ब्रूनेल्लेस्कीने रंगविलेल्या फलकांद्वारे दाखविली होती. त्यांचा वास्तुकल्पनेवर परिणाम झाला. चर्चच्या मध्यदालनातील एकसारखे खण मागेमागे लहान होत जातात आणि वेदीपाशी एकवटतात, हे दृश्य बांधकामापूर्वीच कागदावर पाहता येऊ लागले.

वैशिष्ट्ये : (१) स्तंभप्रकार : डोरिक, आयोनिक व कॉरिंथियन हे मूळचे ग्रीक आणि टस्कन व संमिश्र हे रोमन, असे पाच स्तंभप्रकार प्रमाण मानले गेले. स्तंभाच्या बुंध्याचा व्यास हे मूळ माप धरून उंची, शीर्ष, तुळई व छज्जा यांची मापे त्यावरून ठरविली जात. स्तंभ भार पेलीत नसला, तरी भित्तिस्तंभाच्या रूपाने तो भिंतीचे विभाजन करी. (२) वास्तुकल्प : चौरस, वर्तुळ व समभुज क्रॉस या आकृत्यांना प्राधान्य मिळाले. वर्तुळ ही आदिअंतरहित, म्हणून ईश्वराची प्रतिमा मानली जाई. तथापि मिरवणूक व समूहप्रार्थना यांसाठी लांबट दालनच सोयीचे पडे. त्यामुळे केंद्रवर्ती चर्चचा आदर्श व धर्मगुरूंची गरज यांच्यात सतत ओढाताण होत राहिली. (३) दर्शनी भाग : मध्यभागी प्रवेशद्वार, दोन्ही बाजूंस सारख्या खिडक्या, मजल्यांचे आडवे पट्टे व माथ्यावर ठळक छज्जा अशी त्याची मांडणी असे. गॉथिक वास्तूची ओढ आकाशाकडे असते, तर या शैलीत आडव्या रेषेला महत्त्व आहे. (४) कमान व छत : टोकदार कमानीऐवजी अर्धवर्तुळाकार कमान, फासळ्यांच्या छताऐवजी अर्धनलिकाकृती वा सपाट चौकटींचे छत आणि छेदबिंदूवर घुमट यांची योजना केली जाई. (५) प्रकाश : रंगीत काचांऐवजी साधा, समप्रमाण उजेड आणि फिक्या भिंती यांमुळे वास्तूची रचना एका दृष्टिक्षेपात आकळते. (६) मानवी प्रमाण : सुघटित मानवी शरीर वर्तुळात व चौरसात बसते, हे व्हिट्रूव्हिअसचे वचन वास्तूच्या मापांचा आधार मानले गेले. लिओनार्दो दा व्हींचीचे सुप्रसिद्ध रेखाचित्र याच वचनावर आधारलेले आहे.

विकास : या शैलीच्या विकासाचे स्थूलमानाने तीन टप्पे मानतात.

पूर्वप्रबोधन (सु. १४२०–१५००) : या काळात चर्चइतकेच महत्त्व धनिकांच्या निवासी प्रासादांना आले. मिकेलोत्सोने १४४४ पासून बांधलेल्या मेदीची प्रासादात तळमजल्याचे चिरे खडबडीत, त्यावरील मजल्याचे अधिक घडीव आणि सर्वांत वरचे गुळगुळीत आहेत. बाहेरून किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या या वास्तूच्या आत मात्र स्तंभांच्या ओसऱ्यांनी वेढलेला शांत चौक आहे. रूचेल्लाई प्रासादाच्या दर्शनी भागावर आल्बेर्तीने कॉलॉसिअमच्या धर्तीवर तीन मजल्यांना तीन वेगळ्या स्तंभप्रकारांचे भित्तिस्तंभ योजले. १४८९ मध्ये सुरू झालेल्या स्त्रोत्सी प्रासादासाठी जागा मोकळी करताना आधीच्या अनेक इमारती पाडाव्या लागल्या. सांता मारीआ नोव्हेल्ला चर्चचा आल्बेर्तीने पूर्ण केलेला दर्शनी भाग (१४७०) एका मोठ्या चौरसात बसतो. उंच मध्यदालन व ठेंगण्या पार्श्वमार्गिका यांच्यातील अंतर त्याने सर्पिल वळणांच्या घटकांनी भरून काढले. ही युक्ती पुढे असंख्य चर्चमध्ये अनुसरली गेली. मांतुआ येथील सांत आंद्रेआ (आरंभ १४७२) या चर्चमध्ये त्याने रोमन विजयकमान व मंदिराचा दर्शनी भाग यांचा मिलाफ केला. पोप दुसरा पायस याने आपल्या कोर्सीन्यानो या जन्मगावाचे १४५९ ते १४६२ या काळात बेर्नार्दो रोस्सेल्लीनोकडून पुनर्निर्माण करविले व त्यास प्येंत्सा हे नाव दिले. कॅथीड्रल, पोपचा प्रासाद, बिशपचा प्रासाद व नगरसभागृह यांनी वेढलेला तेथील चौक हा नियोजित नगररचनेचा आद्य नमुना समजला जातो.

उच्च प्रबोधन (सु. १५००–२७) : शतकाच्या वळणावर या चळवळीचे केंद्र फ्लॉरेन्सहून रोमला सरकले. दोनातो ब्रामांते (१४४४–१५१४) याने सान प्येत्रो इन मोंतोर्यो चर्चच्या आवारात, सेंट पीटरच्या हौतात्म्याची मानल्या गेलेल्या जागी, एक लहानसे वर्तुळाकार स्मारकमंदिर उभारले. त्यावरील लेखात १५०२ हे वर्ष आहे. सोळा स्तंभांचे वलय, आतील दंडगोलाकार गाभारा व वर घुमट अशी त्याची रचना आहे. आकाराने लहान असूनही प्राचीनांच्या तोडीची मानली गेलेली ही पहिली आधुनिक वास्तू होय. पाल्लाद्योने आपल्या ग्रंथात रोमन मंदिरांच्या बरोबरीने तिचा समावेश केला.

सेंट पीटर चर्चची उभारणी हा या युगाचा सर्वांत मोठा उपक्रम. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळी बांधलेले जुने चर्च पाडून त्या जागी नवे उभारण्याचा निर्णय पोप दुसरा जूलिअस याने घेतला व १८ एप्रिल १५०६ रोजी पायाभरणी झाली. ब्रामांतेने समभुज क्रॉसचा आराखडा केला होता. जुन्या पूज्य वास्तूची तोडफोड झपाट्याने केल्याबद्दल समकालीनांनी त्याला ‘विध्वंसक’ म्हणून हिणवले. त्याच्यानंतर रॅफेएल, बाल्दास्सारे पेरूत्सी व धाकटा आंतोन्यो दा सांगाल्लो यांनी हे काम पाहिले व प्रत्येकाने आराखडा बदलला. १५४७ मध्ये वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मायकेलअँजेलोने सूत्रे हाती घेतली. त्याने सांगाल्लोची गुंतागुंतीची योजना बाजूला सारली आणि ब्रामांतेच्या केंद्रवर्ती कल्पनेकडे वळून तिला अधिक घट्ट व शिल्पसदृश रूप दिले. १५६४ मध्ये तो मरण पावला, तेव्हा घुमटाचे पीठ पूर्ण होत आले होते. घुमट पुढे जाकोमो देल्ला पोर्ता व दोमेनीको फोंताना यांनी १५९० मध्ये पुरा केला. त्याचा आंतरव्यास सु. ४२ मी. आहे. सतराव्या शतकात कार्लो मादेर्नोने पुढे लांब दालन जोडले. त्यामुळे केंद्रवर्ती आराखडा लोपला व समोरून पाहणाऱ्यास घुमट अंशतः झाकला जाऊ लागला. १६२६ मध्ये चर्चचे समर्पण झाले.

या भव्य वास्तूची किंमत केवळ पैशात मोजता येत नाही. तिच्यासाठी निधी उभारताना पापक्षमापत्रांची विक्री करण्यात आली आणि १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध उठविलेल्या आवाजातून धर्मसुधारणेची चळवळ उभी राहिली. दुसरे असे, की प्राचीन रोमचे गोडवे गाणाऱ्या या युगाने प्राचीन रोमचाच दगड वापरला. जुन्या अवशेषांचे चिरे नव्या बांधकामासाठी नेले जात व संगमरवर भट्टीत जाळून त्याचा चुना केला जाई. सु. १५१९ मध्ये पोप दहावा लिओ यास उद्देशून लिहिलेल्या पत्रात रॅफेएलने या नासधुशीबद्दल खेद व्यक्त केला व अवशेषांची पद्धतशीर मोजणी व आरेखन करण्याची योजना मांडली. सेंट पीटरसाठी जुन्या अवशेषांतून दगड मिळविण्याच्या कामाची देखरेखही त्याच्याचकडे सोपविलेली होती. पुनरुज्जीवन व विध्वंस यांचे हे साहचर्य या युगातील एक मूलभूत विसंगती दर्शविते.

उत्तरप्रबोधन व रीतिलाघववाद (सु. १५२७–१६००) : १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटले व अनेक कलावंत अन्यत्र पांगले. नियम आत्मसात झाल्यावर ते हेतुतः मोडण्याची प्रवृत्ती या सुमारास बळावली. मांतुआ येथील तेयाच्या प्रासादात जूल्यो रोमानोने चौकातील पट्ट्याचे काही दगड निखळून खाली घसरल्यासारखे बसविले. नियमित रचना जाणणाऱ्या प्रेक्षकालाच त्यातील विनोद व अस्वस्थता उमगते. फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयाच्या प्रवेशदालनात मायकेलअँजेलोने स्तंभ भिंतीत खोबणी करून बसविले व जिना दालनभर पसरविला. भार पेलण्यासाठी असलेला स्तंभ जणू कोंडला गेल्याचा भास त्यामुळे होतो. रोममधील काम्पीदोल्यो टेकडीवरील चौकाची रचना करताना त्याने दोन मजले व्यापणारे अजस्र भित्तिस्तंभ योजले.

याच काळात व्हेनिसच्या प्रदेशात आंद्रेआ पाल्लाद्यो (१५०८–८०) याने शैलीचा तोल सांभाळला. दगडी कारागीर म्हणून सुरुवात केलेल्या पाल्लाद्योने व्हीचेंत्सा नगरात व आसपास अनेक वास्तू उभारल्या. व्हेनिसचे सरदार व्यापारातील पैसा शेतीत गुंतवू लागले होते. त्यांच्यासाठी त्याने बांधलेल्या ग्रामीण निवासांत मालकाचे घर, धान्याची कोठारे व अवजारांचे सोपे एकाच समतोल रचनेत गुंफलेले आहेत. हे निवास बहुधा वीट व गिलावा अशा स्वस्त साहित्याचे आहेत. त्यांचे सौंदर्य किमती दगडापेक्षा मापांवर अवलंबून आहे. खोल्यांसाठी त्याने वर्तुळ, चौरस व ठरावीक गुणोत्तरांचे आयत असे सात आकार सुचविले. व्हीचेंत्साजवळील रोतोंदा या वास्तूत मध्यभागी घुमटाकार दालन असून चारही बाजूंस मंदिरासारखी प्रवेशद्वारे आहेत. १५७५–७६ मधील प्लेगनंतर व्हेनिसच्या शासनाने नवसफेडीसाठी बांधविलेले रेदेंतोरे चर्च (आरंभ १५७७) हीदेखील त्याचीच निर्मिती होय.

दुर्गरचना : १४९४ मध्ये फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सने तोफखान्यासह इटलीवर स्वारी केली, तेव्हा मध्ययुगीन उंच तटांची दुर्बलता उघड झाली. त्यानंतर ठेंगणे, जाड, मातीची भर घातलेले तट व त्यांवर बाणाच्या टोकासारखे कोनाकृती बुरूज ही रचना विकसित झाली. एका बुरुजावरून शेजारच्या बुरुजाच्या पायथ्याचे रक्षण करता यावे, अशी कोनांची आखणी असे. मीकेले सांमीकेलीसारख्या वास्तुकारांनी यात नाव मिळविले.

प्रसार : इटलीबाहेर ही शैली राजदरबारांमार्फत पसरली आणि प्रत्येक देशात स्थानिक परंपरेशी तिची सांगड घातली गेली. फ्रान्समध्ये शांबॉर (आरंभ १५१९) येथील प्रासादात आराखडा समतोल असला, तरी छपरावरील धुराडी व मनोरे गॉथिक वळणाचे आहेत. प्येअर लेस्कोने १५४६ पासून बांधलेल्या लूव्हरच्या भागात मात्र शैली पूर्णपणे पचविलेली दिसते. स्पेनमध्ये ग्रानाडा येथील पाचव्या चार्ल्सचा प्रासाद (आरंभ १५२७) बाहेरून चौरस व आत वर्तुळाकार चौक असलेला आहे, तर एल एस्कोरिअल (१५६३–८४) ही प्रासाद, मठ व समाधिस्थान यांना सामावणारी अनलंकृत वास्तू आहे. पोलंडमधील क्राकूचे सिगिस्मंड प्रार्थनागृह (पूर्ण १५३३) व अँटवर्पचे नगरसभागृह (१५६१–६५) हीही उल्लेखनीय उदाहरणे होत. इंग्लंडमध्ये पाल्लाद्योच्या ग्रंथाचा अभ्यासक इनिगो जोन्स याने ग्रिनिच येथील राणीचा प्रासाद (आरंभ १६१६) व लंडनमधील बँक्वेटिंग हाउस (१६१९–२२) या वास्तूंद्वारे ही शैली शुद्ध स्वरूपात आणली, पण तेव्हा खुद्द इटलीत बरोक युग सुरू झाले होते.

पोर्तुगीजांबरोबर ही शैली भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. जुन्या गोव्यातील सेंट कॅथरीनच्या कॅथीड्रलचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला. बॉम जेझूस बॅसिलिका (१५९४–१६०५) या चर्चच्या दर्शनी भागावर मजल्यांची आडवी विभागणी, भित्तिस्तंभ व गोल गवाक्षे आढळतात. कोकणच्या जांभ्या दगडात इटालियन ग्रंथांतील आकृत्या अशा रीतीने उतरल्या. थिएटाइन पंथीयांनी सतराव्या शतकात बांधलेले सेंट केजिटनचे चर्च तर रोमच्या सेंट पीटर चर्चच्या धर्तीवर आहे. वसई व दमण येथील पोर्तुगीज तटबंदीतील कोनाकृती बुरूज हे इटालियन दुर्गरचनेच्या प्रसाराची साक्ष देतात. गोव्यातील चर्च व मठ यांचा १९८६ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

मूल्यमापन : सतराव्या शतकातील बरोक, अठराव्या शतकातील नव-अभिजाततावाद आणि एकोणिसाव्या शतकातील पुनरुज्जीवित शैली या सर्वांनी प्रबोधनकालीन स्तंभ, घुमट व प्रमाणविचार यांचा वारसा घेतला. या शैलीवर टीकाही झाली. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन याने व्हेनिसच्या वास्तूंवरील आपल्या ग्रंथात (१८५१–५३) असा आक्षेप घेतला, की गॉथिक कारागिरास आपल्या हाताने व बुद्धीने काही निर्माण करण्याचे स्वातंत्र्य होते, तर प्रबोधनकाळाने अचूकतेच्या हट्टापायी त्याला दुसऱ्याच्या आराखड्याचा दास केले. या आक्षेपात तथ्य आहे. ब्रूनेल्लेस्की श्रेणीच्या बंधनातून मुक्त झाला आणि आल्बेर्तीने वास्तुकाराला विद्वानाची प्रतिष्ठा मिळवून दिली, परंतु ती प्रतिष्ठा पाथरवटापर्यंत पोचली नाही. उलटपक्षी रूडोल्फ व्हिटकोव्हर या कलेतिहासकाराने १९४९ मध्ये दाखवून दिले, की ही शैली म्हणजे केवळ धनिकांचा डामडौल वा प्राचीनांचे अनुकरण नव्हते. तिच्या प्रमाणविचारामागे विश्वातील सुसंवादावरील गाढ श्रद्धा होती. आराखडा व बांधकाम यांची फारकत आणि वास्तुकार हा स्वतंत्र व्यवसाय या आज सर्वत्र रूढ असलेल्या व्यवस्थेचे मूळ याच काळात आहे. फ्लॉरेन्सच्या अनाथालयाची ओसरी राजासाठी वा पोपसाठी नव्हे, तर टाकून दिलेल्या मुलांसाठी बांधली गेली होती. सुबोध मापांतून येणारे सौंदर्य सामान्य गरजेच्या वास्तूलाही लाभू शकते, हे या शैलीने तिच्या पहिल्याच निर्मितीत सिद्ध केले.